पाईप टाकूनही रान चिबड, औषध पाजूनही म्हैस उलटते: तपासायचं कुठून?

शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या कृष्णा-वारणेकाठच्या काळ्या रानांत पावसाळा सरता सरता दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी की निचऱ्याचे, म्हणजे जमिनीखाली पुरलेले भोकांचे पाईप टाकून दोन-तीन वर्षं झाली, तरी खालचा कोपरा चिबडच, म्हणजे पाणी धरून दलदलीसारखा आहे, दिवाळी आली तरी वाफसा नाही. दुसरी अशी की म्हशींना जंताचं औषध झालं, पेंड चालू आहे, तरी अंग धरत नाहीत आणि भरवली की एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर, म्हणजे उलटतात. पहिली तक्रार घेऊन माणूस कंत्राटदाराला गाठतो, दुसरी घेऊन जनावरांच्या डॉक्टरांना. दोघंही आपापला इलाज करतात, पैसे जातात आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

घरची चार-सहा एकर जमीन आणि दावणीला चार-सहा जनावरं, असा संसार असेल तर या दोन्ही दुखण्यांचा पत्ता बहुतेक वेळा एकच निघतो: रानाचा सगळ्यात सखल कोपरा. तिथं ऊस येत नाही म्हणून कधीतरी पॅरा गवत लावलेलं असतं. गोठा धुतलेलं पाणी उताराने तिथंच जाऊन मुरतं. आणि रोजची हिरवी वैरण तिथूनच कापून दावणीत येते. शेण पाण्यात, पाणी गवताला, गवत म्हशीच्या पोटात, असा फेरा चालू असतो आणि आपण दर सहा महिन्यांनी त्यात एक औषधाची बाटली ओततो. त्यामुळे तपासणीही कोपऱ्यापासून सुरू करायची. आधी पाणी, मग वैरण, म्हैस शेवटी.

नळी पुरल्याशिवाय कुणाला बोलावू नका

पाईप बंद पडलाय, असं वरून बघून कुणालाच सांगता येत नाही. कंत्राटदारालाही नाही. त्यासाठी जमिनीखालची पाण्याची पातळी दिसली पाहिजे. दोन इंची पीव्हीसी पाईपचे सहा फुटांचे तुकडे घ्या. खालच्या निम्म्या भागाला तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडा, त्यावर जुन्या साडीचा किंवा जाळीचा पदर गुंडाळा. गिरमिटाने पाच फूट खोल भोक पाडून तुकडा उभा सोडा, भोवती वाळू टाका आणि वरून झाकण लावा. अशा दोन नळ्या लागतात: एक गाडलेल्या पाईपच्या अगदी शेजारी, दुसरी दोन पाईपांच्या बरोबर मध्ये. पाणी दिल्यानंतर किंवा मोठा पाऊस झाल्यावर रोज सकाळी दोरीला नट बांधून आत सोडायचा. ‘डुब्’ आवाज आला की दोरीला गाठ मारून अंतर मोजायचं. आठवडाभर वहीत लिहायचं. हे काम घरातली शाळकरी पोरं आनंदाने करतात.

आता वही काय सांगते ते बघा.

दोन्ही नळ्यांत पाणी वर आहे आणि पाईपच्या तोंडातून काहीच येत नाही: वाट तुंबली आहे. तोंड, चेंबर (पाईपच्या वाटेत गाळ बसायला केलेली टाकी) किंवा मधला पाईप, तिघांपैकी कुठंतरी.

दोन्ही नळ्यांत पाणी वर आहे आणि तोंडातून पाईप भरून पाणी वाहतंय: पाईपचा दोष नाही. त्याच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी बाहेरून येतंय. वरच्या अंगाचा कॅनॉल, पाझर तलाव, शेजाऱ्याचा रात्रभर चालू राहिलेला पाट किंवा तुमचीच मोटर.

पाईपशेजारच्या नळीत पाणी चार फुटांखाली गेलं, मधल्या नळीत मात्र दीड-दोन फुटांवरच आहे: दोन पाईपांतलं अंतर जास्त झालं. आपल्याकडच्या भारी जमिनीत साधारण १.२५ मीटर खोली आणि २५ मीटरच्या आसपास अंतर धरतात. पैसे वाचवायला कुणी ते ४० मीटर केलं असेल तर मधला पट्टा ओलाच राहणार. मधोमध आणखी एक ओळ टाकण्यावाचून तिथं उपाय नाही.

चेंबरमध्ये डोकावलं तर पाईप अर्धा रिकामा आहे, पण त्याच्या शेजारच्या नळीत पाणी वरपर्यंत आहे: पाणी पाईपपाशी येतंय, आत शिरत नाही. बाहेरचं फिल्टरचं कापड गाळाने माखलंय किंवा चर काढताना चिखल असल्यामुळे पाईपभोवतीची माती लिंपल्यासारखी बसली आहे. ऐन ओलीत जेसीबी घालून केलेल्या कामात हे फार दिसतं. काम उन्हाळ्यातच करायचं असतं, पण उन्हाळ्यात रानात ऊस उभा असतो, हे दुखणं सगळ्यांनाच माहीत आहे.

आणि शेवटची, सर्वांत फसवी नोंद: रानात वर पाणी साचलंय, बूट रुतताहेत आणि दोन्ही नळ्या चार फुटांपर्यंत कोरड्या आहेत. इथं पाईप आपलं काम चोख करतोय. वरच्या थरातून पाणी खाली उतरतच नाही. हे चोपण आहे, याच्याकडे पुढे सविस्तर येतो.

वाट तुंबली असेल तर

सुरुवात तोंडापासून करा. निचऱ्याचा पाईप ओढ्यात जिथं सुटतो, तिथला शेवटचा तीन-चार मीटरचा तुकडा बिनभोकाचा आणि जाड असायला हवा. तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा फूटभर तरी वर हवं आणि त्याला जाळी हवी. जाळी नसेल तर उंदीर, खेकडे, बेडूक आत घर करतात. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात: ओढा गाळाने वर आलेला असतो आणि तोंड पाण्याखाली गेलेलं असतं. आपण आपल्या रानात लाखाचं काम करतो आणि ज्या ओढ्यात ते पाणी सोडायचं तो बघतच नाही.

ओढा एकट्याचा नसतो. खालच्या शेतकऱ्याने बांध सरकवून ओढा निम्मा केला असेल किंवा पाणंदीखाली बारकी मोरी टाकून पाणी अडवलं असेल, तर आधी बसून बोला. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जे निचऱ्याचे प्रकल्प झाले, ते गावाचं क्षेत्र एकत्र धरून झाले, आणि त्यामागचं कारणही हेच: मुख्य वाट सगळ्यांची एक असल्याशिवाय एकट्याचा पाईप चालत नाही. बोलून भागलं नाही तर कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, शेतातून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला कुणी अडथळा केला तर तहसीलदारांकडे दावा लावता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा, ही अट लोक विसरतात. दोन वर्षं चहा पीत समजूत घालत बसलात तर हा दरवाजा बंद होतो.

तोंड मोकळं असेल तर चेंबर उघडा. चेंबरचा तळ पाईपच्या पातळीपेक्षा फूटभर खोल असतो तो गाळ बसायलाच. तो भरला की गाळ पुढे सरकतो. दरवर्षी मे महिन्यात घमेल्याने उपसा. उपसताना गाळाचा रंग आणि पोत बघा. बारीक रेती दिसली तर कुठंतरी फिल्टर फाटलंय. तांबूस-पांढऱ्या केसांसारखे झुपके आले तर मुळं शिरली आहेत. मुख्य पाईपच्या वर किंवा शेजारी बाभूळ, निलगिरी, बांबू ठेवू नयेत. कोरड्या दिवसांत ती मुळं पाण्याच्या वासाने पाईपपर्यंत येतात आणि आत शिरून दावं वळल्यासारखी वळतात. ती जेटिंगने म्हणजे दाबाच्या पाण्याने निघतात, पण झाड राहिलं तर पुन्हा येतात.

एका चेंबरमध्ये पाणी खळखळ येतंय आणि पुढच्यात थेंबथेंब, तर दोष त्या दोन चेंबरच्या मध्ये आहे. तिथं पाईपला पोट पडलं असण्याची शक्यता जास्त. उतार १०० मीटरला १० ते २० सेंटीमीटर एवढाच असतो, म्हणजे पाऊण फुटाहून कमी. डोळ्याच्या अंदाजाने तो काढता येत नाही. लेव्हल न लावता टाकलेल्या पाईपमध्ये मध्ये खोलगट भाग राहतो, त्यात गाळ बसतो आणि चार वर्षांत वाट बंद. म्हणून काम देतानाच दर २० मीटरला लेव्हलची नोंद आणि पाईप कुठून कुठं गेला त्याचा बांधापासूनच्या मापांसह नकाशा मागून घ्या. अंतिम बिल त्या कागदाशिवाय देऊ नका.

महापुराची गोष्ट निराळी. २००५, २०१९, २०२१ मध्ये नदीच रानात आली होती. अशा वेळी तोंड पाण्याखाली असतं आणि कुठलाही पाईप चालत नाही. पूर ओसरल्यावर मात्र आठवडाभरात तोंड आणि चेंबर साफ झालेच पाहिजेत, कारण पुराचा गाळ वाळला की दगडासारखा होतो. ज्यांचं रान ओढ्याच्याही खाली आहे त्यांनी विहिरीसारखा खड्डा घेऊन त्यात पाईप सोडावा आणि मोटरने उपसावं. विजेचं बिल येतं, पण दुसरा मार्ग नाही.

बाहेरून पाणी येत असेल तर

थोडक्यात: पाझर वरच्या अंगाने येत असेल तर तो रानात शिरायच्या आधी, वरच्या बांधालगत आडवा खोल चर घेऊन वळवावा. आणि पाणी आपल्याच मोटरचं असेल, तर निचऱ्याचे पाईप वाढवणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं. आडसाली उसाला मोकाट पाणी, रात्रीच्या लाईटला मोटर चालू करून झोपणं, ‘पाळी आली की घ्यायचं’ ही पाणी संस्थेची सवय, हे सगळं त्या नळीत दिसतं. पाणी दिल्यावर चार दिवसांनीही मधल्या नळीत दोन फुटांच्या वर पाणी असेल तर पुढची पाळी टाळा. ऊस वाळत नाही, उलट पांढरी मुळी सुटते.

वर पाणी, खाली कोरडं

पाईप टाकले की मीठ धुऊन जातं, पांढरा थर नाहीसा होतो आणि पहिल्या वर्षी माणूस खूश असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेच रान पहिल्यापेक्षा चिवट होतं. पावसाचं पाणी तासन् तास वर थांबतं, वाळल्यावर तव्यासारखा पापुद्रा धरतो. नाव पाईपचं खराब होतं. खरं कारण मातीत आहे. खारवट-चोपण जमिनीत दोन गोष्टी एकत्र असतात: विरघळणारे क्षार आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम. क्षार असतात तोवर कण एकमेकांना धरून राहतात. क्षार धुतले गेले आणि सोडियम मागे राहिलं की कण सुटे होतात, बारीक होऊन भेगांत बसतात आणि छिद्रं बुजतात.

घरी बघायचं असेल तर काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या. विहिरीचं नको, त्यातल्या क्षारांमुळे खरं चित्र दिसत नाही. पावसाचं नसेल तर आरओ फिल्टरचं चालेल. वाळलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ अलगद त्यात सोडा आणि पेला हलवू नका. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटेल, पण पाणी नितळ राहील. चोपण मातीच्या ढेकळाभोवती थोड्याच वेळात दुधाळ वलय उठतं, ते पसरत जातं आणि दुसऱ्या दिवशीही पेला गढूळच असतो.

वलय दिसलं की माती प्रयोगशाळेत द्या. विनिमययोग्य (कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम लागणार; अशा मातीचा सामू (pH) बहुधा ८.५ च्या वर असतो. केवळ क्षारता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर असून सामू आणि सोडियम दोन्ही त्या आकड्यांखाली असतील तर जिप्समची गरज नाही, निचरा आणि पाणी पुरे. हा फरक न बघता दुकानदाराच्या सांगण्यावरून जिप्समची पोती ओतणारे खूप आहेत. किती टन लागेल ते अहवालावरूनच ठरतं. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र याच जमिनींवर काम करतं, तिथं अहवाल घेऊन जाणं परवडतं. जिप्सम वरच्या सहा-आठ इंचांत मिसळायचं, पाणी द्यायचं आणि सुटलेलं सोडियम पाईपवाटे बाहेर जाऊ द्यायचं. पाईप नसताना जिप्सम टाकलं तर ते सोडियम जाणार कुठं? पाईप आहेत आणि जिप्सम नाही, तर वर सांगितलेली गत. दोन्ही लागतं. त्यावर धैंचा किंवा ताग फुलोऱ्याआधी गाडला आणि साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) टाकली तर माती लवकर वळणावर येते.

नांगराला गोळा बांधून जमिनीखाली पोकळ बीळ पाडायची मोल निचऱ्याची पद्धत स्वस्त आहे आणि भारी मातीत काही वर्षं चालते, पण चोपणात ते बीळ लवकर ढासळतं. पेल्यात दूध दिसलं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता त्या कोपऱ्यातलं गवत

पॅरा गवत चिबडात आणि चोपणातही तग धरतं, म्हणून ते लावायला सगळेच सांगतात. सल्ला चूक नाही, अर्धा आहे. सप्टेंबरात त्या गवताचा एक दांडा पाण्याच्या रेषेपाशी धरून निरखून बघा. नखाएवढ्या, तपकिरी, पातळ कवचाच्या गोगलगायी चिकटलेल्या दिसतील. एक तळहातावर घ्या आणि टोक वर, तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या अंगाला उघडत असेल आणि कवच बोटाने चुरडण्याइतकं नाजूक असेल, तर म्हशीला लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातले पानासारखे चपटे कृमी, पोचवणारी जात तीच आहे. सोयाबीनवर येणारी मोठी शंखी गोगलगाय वेगळी, तिचा या रोगाशी संबंध नाही.

कृमीची अंडी शेणातून पाण्यात पडतात. त्यातून निघालेली पिल्लं गोगलगाईत शिरतात, तिथं वाढतात, पुन्हा पाण्यात येतात आणि गवताच्या दांड्यावर, पाण्याच्या रेषेलगत, टाचणीच्या टोकाएवढी कोष करून बसतात. म्हशीने तो दांडा खाल्ला की कृमी यकृतात. म्हणजे गोठ्याचं शेणपाणी, साचलेलं पाणी, गोगलगाय आणि खालून कापलेलं गवत, या चारांपैकी एकही कडी तुटली तरी फेरा थांबतो. सगळ्यात सोपी कडी गोठ्याची. शेणपाणी त्या कोपऱ्यात जाऊच द्यायचं नाही, खड्डा घेऊन स्लरी कोरड्या रानाला द्यायची, आणि शेण उकिरड्यात पुरतं कुजल्याशिवाय ओल्या रानात टाकायचं नाही. चांगल्या तापलेल्या उकिरड्यात अंडी मरतात.

गवत ठेवायचंच असेल तर पाण्याच्या वर वीतभर सोडून कापा. खालचा दांडा हिरवा आणि रसाळ दिसतो म्हणून मुळापासून कापायचा मोह होतो. नेमका तोच भाग द्यायचा नाही. सप्टेंबर ते जानेवारी ही वैरण ओली देऊच नये. कडक उन्हात पुरती वाळवून, महिना-दोन महिने रचून ठेवून मग द्यावी. आणि म्हशी तिथं चरायला किंवा डुंबायला सोडू नयेत. डुंबायला लागतंच, म्हशीची कातडीच तशी आहे, पण त्यासाठी गोठ्यात पाईप धरा.

औषध लागू का पडत नाही

आमच्या भावकीतल्या एका आण्णांच्या गोठ्यात हा संवाद झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, “आण्णा, जंताचं औषध कधी दिलंत?” आण्णा म्हणाले, “आखाडात दिलंय की. दुकानातनंच आणतो, दर सहा महिन्याला, चुकवत नाही.” डॉक्टरांनी रिकामी पट्टी मागवली. फेनबेंडाझोल. औषध उत्तम, गोल जंतांवर. फ्लूकवर त्याचा उपयोग जवळपास नाही. आयव्हरमेक्टिनच्या सुईचंही तेच. अल्बेंडाझोल जास्त मात्रेत दिलं तर मोठ्या झालेल्या फ्लूकवर चालतं, पण ते गाभण जनावराला पहिल्या महिन्यांत देणं धोक्याचं. ऑक्सिक्लोझानाइड मोठे कृमी मारतं, ट्रायक्लाबेंडाझोल लहानमोठे दोन्ही. कुठलं, किती, आणि त्यानंतर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मात्रा वजनावर असते आणि म्हशीचं वजन आपण नेहमी कमीच धरतो.

फ्लूकची लक्षणं हळूहळू येतात. म्हैस खाते पण अंग धरत नाही, केस राठ होतात, डोळ्याची आतली कड फिकट पडते, दूध कमी होतं, शेण कधी घट्ट कधी पातळ. पुढे जबड्याखाली मऊ सूज येते. बोटाने दाबली की खळगा राहतो. सकाळी कमी, दिवसभर मान खाली घालून खाल्ल्यावर जास्त. ही सूज इतर कारणांनीही येते. पोटातल्या तारेने किंवा खिळ्याने काळजाला इजा झाली असेल तरी पुढच्या अंगाला पाणी उतरतं, पण तेव्हा गळ्याची शीर दोरीसारखी फुगलेली असते आणि जनावर उतार चालायला बघत नाही. तसं असेल तर कृमीच्या औषधात वेळ घालवू नका.

शेण तपासायला देताना पायाखालचं नको, गुदाशयातून काढलेलं ताजं द्या. आणि स्पष्ट सांगा की फ्लूकसाठी बघायचं आहे. ही अंडी जड असतात, शेण पाण्यात घोळून तळाशी बसलेला गाळ बघावा लागतो. वर तरंगणारं बघायच्या नेहमीच्या पद्धतीत ती सापडत नाहीत. शिवाय कृमी पोटात गेल्यापासून अंडी शेणात यायला तीन महिन्यांच्या पुढे जातात. म्हणून सप्टेंबरात ‘काही नाही’ असा अहवाल आला तरी डिसेंबर-जानेवारीत पुन्हा द्या. औषधाची वेळही तीच साधा, आणि दुसरी मात्रा पावसाळ्याआधी. गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी. एकट्या वाळलेल्या म्हशीला पाजून बाकीच्या तशाच ठेवल्या तर अंडी पडतच राहतात.

तरीही उलटत असेल तर

फ्लूक गेला म्हणून म्हैस पुढच्याच माजाला फळत नाही. यकृत सावरायला आणि अंगावर मास चढायला वेळ लागतो. तोवर बाकीचं तपासा, आणि इथंही वहीच कामाला येते. भरवल्यापासून १८ ते २४ दिवसांनी परत माज आला तर गर्भ धरलाच नाही किंवा लगेच गेला: माज ओळखण्याची वेळ, रेतनाची वेळ, अंगात ताकद नसणं. पस्तीस-चाळीस दिवसांच्या पुढे, अवेळी उलटली तर धरलेला गर्भ गेला: तिथं गर्भाशयाचा संसर्ग बघायला हवा. डॉक्टरांना तारखा दाखवल्या की त्यांचं निम्मं काम होतं.

म्हशीचा माज मुका असतो आणि बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे दिसतो. गायीसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) लोंबत नाही. म्हैस बसलेली असताना तो जमिनीवर पडतो, म्हणून पहाटे शेण काढायच्या आधी बसली होती ती जागा बघायची. हे काम बहुतेक घरांत वहिनी किंवा आई करतात आणि माज त्यांनाच आधी कळतो. रेतनाचा निर्णय घेणारा माणूस मात्र आठ वाजता उठलेला असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. सोट काचेसारखा स्वच्छ हवा. गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर भरवू नका, आधी उपचार.

ऊस पट्ट्यात आणखी एक गोष्ट: वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. गाळप हंगामात चार-पाच महिने म्हशी नुसत्या वाड्यावर असतात. वाड्यात ऑक्झॅलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडणं, सोबत कडबा आणि थोडी द्विदल वैरण देणं, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, एवढं तरी हवंच. म्हशी माती चाटतात, एकमेकींचं अंग चाटतात, दोऱ्या चघळतात, तर खनिजं कमी पडताहेत असा संशय धरा.

ओल्या गोठ्यात खूर मऊ पडून सडतात. लंगडणारी म्हैस माज दाखवत नाही. पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यातून पाय धुवा, पण उभं राहायला कोरडी जागा नसेल तर मोरचूद फुकट. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाआधी झालेल्याच असतील, असं धरतो.

गाभण म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडली तर मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवा. ब्रुसेल्ला किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा रोग असू शकतो. लेप्टो तर चिबड जागा आणि उंदीर यांच्याच जोडीने येतो. वार, पडलेलं पाडस, रक्त यांना उघड्या हाताने शिवू नका, रक्ताचे नमुने द्या, ते दूध कच्चं पिऊ नका. माणसालाही दोन्ही रोग होतात. ब्रुसेल्लाची लस चार ते आठ महिन्यांच्या पारडीला एकदाच देतात, २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती मोफत आहे. पारडी मोठी झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

सतत उलटणाऱ्या जनावरावर किती खर्च करायचा, हाही प्रश्न येतोच. म्हशीच्या बाबतीत लोक काही दिवस वाट बघून विकतात. गायीच्या बाबतीत तो मार्ग नाही. राज्यातल्या १९७६ च्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून गायीबरोबर वळू आणि बैलही कत्तलीला देता येत नाहीत, म्हशीवर अशी सरसकट बंदी नाही. म्हणून भाकड संकरित गाय दावणीला वर्षानुवर्षं वैरण खाते, आणि म्हणूनच संकरित गायी असणाऱ्याने तर त्या कोपऱ्याकडे आधी बघितलं पाहिजे.

सगळं करूनही कोपरा ओला राहिला

कधी कधी राहतो. ओढा त्याच्याहून वर असतो, शेजारी ऐकत नाही, पाच गुंठ्यांसाठी उपसा मोटर परवडत नाही. तेव्हा ते पाच गुंठे हिशेबातून वजा करा. तिथं पाईपवर आणखी पैसे घालू नका. भोवती तारेचं कुंपण करून जनावरांना वाट बंद करा, गोठ्याचं पाणी दुसरीकडे वळवा आणि बदकं सोडा. बदकं गोगलगायी वेचून खातात. कोल्ह्यापासून रात्री बंदिस्त ठेवावी लागतात, एवढंच. दावणीची हिरवी वैरण मग वरच्या निचऱ्याच्या रानात दोन सऱ्या मोडून करायची: हत्ती गवत, मका, थोडा लसूणघास. उसाच्या दोन सऱ्या गेल्याचं घरातल्या म्हाताऱ्यांना वाईट वाटतं. दूध डेअरीच्या पावत्या महिन्याच्या महिन्याला त्यांच्याच हातात देत जा.